दंडाचा कागद हक्काच्या कामी येतो



मागच्या उन्हाळ्यात एक वयस्कर मावशी आमच्याकडे आल्या. गाव आपल्याच जिल्ह्यातले. पिशवीत रेशनकार्ड, मतदान ओळखपत्र आणि गायरान खाली करण्याची नोटीस. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून अशा नोटिसांनी आपली पुष्कळ घरे हवालदिल झाली आहेत.

मावशी म्हणाल्या, "दादा, ही जमीन आमच्या मालकानं फोडली. त्यापायी त्यांना कोर्टात उभं केलं होतं. दंड भरला. मी कडेवर पोर घेऊन बाहेर उभी होते."

"कोणत्या साली, मावशी?"

"पोरगं रांगत होतं तेव्हा."

मालक आता नाहीत. दंडाची पावती नाही. साल ठाऊक नाही. आणि नेमके सालच महत्त्वाचे होते. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची, शेतीसाठी झालेली भूमिहीनांची अतिक्रमणे अटींवर नियमित करण्याचे ठरविले. म्हणजे त्या तारखेआधी आपला नांगर त्या जमिनीत चालत होता, हे दाखवावे लागते. गाव साक्ष देईल, पण कचेरीत माणसापेक्षा कागद मोठा. आम्ही स्वतः कारकुनी करतो, म्हणून हे अनुभवाने सांगतो.

तलाठ्याकडे गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही असते. तिचा उतारा मागितला. पण मावशींच्या बोलण्यातला दुसरा धागा आम्हाला अधिक पक्का वाटला. ज्या कोर्टाने दंड केला, त्याच्या दप्तरी त्या दंडाची नोंद असणारच!

मुलाच्या शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख पाहिली. रांगते पोर म्हणजे वर्षाच्या आतबाहेरचे. साल साधारण कळले. तेवढ्यावर तालुक्याच्या कोर्टात गेलो. तेथील कारकुनाने पहिलाच प्रश्न विचारला, "केस नंबर?" नंबर नव्हता. त्याने हात जोडले. आम्हाला राग आला, पण तो टिकला नाही. नंबरावाचून हजारो गठ्ठ्यांत तो तरी कुठे शोधणार?

ओळखीच्या वकिलांनी वाट दाखविली. आरोपीचे नाव, गाव, पोलीस ठाणे आणि अंदाजे दोन वर्षांचा काळ लिहून शोध घेण्याचा अर्ज केला. तीन हेलपाट्यांनंतर फौजदारी खटल्यांच्या नोंदवहीत नाव सापडले. नाव, गाव, कलम, निकालाची तारीख, दंडाची रक्कम. मूळ कागद मात्र मुदत संपल्याने केव्हाच नष्ट झाले होते. निकालपत्र हाती आले असते, तर त्यात गट नंबरही मिळण्याची शक्यता होती. नोंदीत तो नाही. त्या नोंदीची सहीशिक्क्याची नक्कल घेतली आणि १-ई च्या उताऱ्यासह दाव्याला जोडली. तहसीलचा निर्णय अजून यावयाचा आहे.

नक्कल हाती देताच मावशींनी विचारले, "हा तर दंडाचा कागद ना?" होय, दंडाचाच. पण मालकाचे नाव आणि तारीख सरकारी शिक्क्याखाली सांगणारा घरातला तो पहिला कागद. निकाल लागला त्याच महिन्यात नक्कल घेतली असती तर आज गट नंबरही हाती असता, एवढीच हळहळ.

आपल्या अनेक घरांची हीच गत आहे. आपण कोर्टात जातो, तारखा करतो, मजुरी बुडवितो, आणि निकाल लागला की रिकाम्या हाताने घरी येतो. कागद कोर्टात सुखरूप आहे, अशी आपली समजूत असते. परंतु न्यायालयीन कागदांची वर्गवारी होते, प्रत्येक वर्गाला जपणुकीची मुदत असते आणि मुदत संपली की ते नष्ट करता येतात. त्यासाठी १९१७ सालापासून कायदाच आहे.

नक्कल मागणे म्हणजे कोणाची मेहरबानी नव्हे. जो सार्वजनिक दस्तऐवज पाहण्याचा आपल्याला हक्क आहे, त्याची प्रमाणित नक्कल फी घेऊन द्यावीच लागते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ७५ मध्येही ते आहे. आरोपीला कैदेची शिक्षा झाली तर निकालाची नक्कल त्याला ताबडतोब व विनामूल्य द्यावी लागते. नुसता दंड झाला तर मात्र ती आपणच मागावी लागते. मावशींच्या मालकांना हे कोणी सांगितले नाही.

आता रीत सांगतो. प्रथम कोर्ट ठरवा. साधी फौजदारी प्रकरणे आणि शेताबांधाचे दिवाणी दावे बहुधा पैठण, वैजापूर, गंगापूर, कन्नड, सिल्लोड अशा तालुक्याच्या कोर्टात असतात. अॅट्रॉसिटीचे खटले विशेष न्यायालयात, म्हणजे सत्र न्यायालयाच्या पातळीवर चालतात. अपिलाचे कागद जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात.

मग नंबर मिळवा. अलीकडच्या प्रत्येक प्रकरणाला अक्षरे-अंक मिळून सोळा खुणांचा सी.एन.आर. नंबर असतो. तो किंवा पक्षकाराचे नाव घालून ई-कोर्टच्या मोबाईल अॅपवर पुढची तारीख, हुकूम व निकाल पाहता येतो. घरातील शिकत्या मुलामुलींना हे काम द्या. संगणकाआधीच्या प्रकरणांना मात्र शोध अर्जावाचून गत्यंतर नाही.

अर्जात कोर्टाचे नाव, नंबर व साल, दोन्ही पक्षांची नावे, निकालाची तारीख आणि नेमका कोणता कागद हवा ते लिहा. रोजनामा, जबाब, निशाणी अमुक किंवा निकालपत्र, असे स्पष्ट लिहावे. 'सर्व कागद' असे मोघम लिहू नये. त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावा. अर्जाची पोच व पैशाची पावती घेतल्याखेरीज खिडकी सोडू नका. प्रकरणात पक्षकार नसाल तर कारण सांगावे लागते आणि न्यायाधीशांचा हुकूम लागतो. दुसऱ्याने दाखल केलेला खाजगी दस्तऐवज परक्याला सहजासहजी मिळत नाही, आणि तेही योग्यच आहे.

नकलेवर अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि हाती दिल्याची तारीख असते. त्या तारखा जपा. अपिलाची मुदत मोजताना नक्कल मिळण्यास लागलेला आवश्यक काळ वगळला जातो. अर्ज उशिरा केला तर तो उशीर मात्र आपल्याच माथी बसतो.

माहिती अधिकारात अर्ज टाकून कोर्टाचे कागद मिळतील, असे काही कार्यकर्ते सांगतात. त्यात वेळ घालवू नका. न्यायालयीन प्रकरणांतील नकला उच्च न्यायालयाच्या नियमांप्रमाणेच मागाव्यात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी दिला आहे.

खर्चाची धास्ती असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती आणि कोणतीही स्त्री मोफत कायदेशीर मदतीस पात्र आहे. नकलांसाठीही ही मदत मागता येते. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ प्रमाणे पीडितास एफ.आय.आर.ची प्रत विनामूल्य मिळण्याची तरतूद आहे. आरोपीच्या जामिनासह प्रत्येक कामकाजाची वेळेवर सूचना मिळण्याचाही त्यास हक्क आहे.

कोर्टाच्या कागदाचे मोल आपल्या चळवळीला नवे नाही. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, हे आपल्या लहान मुलालाही पाठ असते. त्यानंतर सनातनी मंडळींनी महाडच्याच कोर्टात दावा लावून १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाई हुकूम मिळविला, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. बाबासाहेबांनी तो दावा चिकाटीने लढविला. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टाने आणि अखेर १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना पाण्यापासून दूर ठेवण्याची अनादि काळापासूनची रूढी वादींना सिद्ध करता आली नाही. रूढीची मिजास मिरविणाऱ्यांनाही कोर्टात पुरावाच द्यावा लागला. ते निकाल जपले गेले, म्हणून आज आपण तारीखवार सांगू शकतो.

म्हणून आमची एक विनंती. प्रत्येक गावातील कार्यकर्त्याने एक वही घालावी. गावातील आपल्या लोकांच्या प्रत्येक प्रकरणाचा नंबर, साल, कोर्ट आणि निकालाची तारीख तीत उतरवावी. निकालाची नक्कल त्याच महिन्यात काढावी. एक प्रत घरात आणि घरच्यांची इच्छा असेल तर दुसरी विहाराच्या पेटीत ठेवावी. हरलेल्या खटल्याचीही नक्कल घ्यावी. आज नकोसा वाटणारा कागद कोणत्या नातवाच्या कामी येईल, हे कोणी सांगावे?

मावशी जाताना म्हणाल्या, "दादा, याची झेरॉक्स काढून द्या. अस्सल कागद मी कुणाच्या हाती देणार नाही." आम्ही पाच झेरॉक्स काढून दिल्या. शहाणपण मावशींकडून शिकावे!

जयभीम.