उतारा कोणाचा, निवड कोणाची?

इस्लामच्या इतिहासासंबंधी महाराष्ट्रात जेवढे बोलले जाते, तेवढे वाचले जात नाही, हे पुरोगामी मंडळींनीही मान्य केले पाहिजे. प्रतिपक्षाने एखाद्या फार्सी तवारिखीतील उतारा फेकला, की कार्यकर्ता ऐक्याची दोन सुभाषिते म्हणून वेळ मारून नेतो. तो उतारा कोणी निवडला, त्याच्या मागेपुढे काय होते, हे विचारले जात नाही. वस्तुतः वादाची खरी जागा तीच आहे.

यांतील पुष्कळ उतारे फिरत फिरत इलियट व डाउसन यांच्या, 1867 ते 1877 या काळात निघालेल्या आठ खंडांतून आलेले असतात. सर हेन्री इलियट हे कंपनी सरकारच्या परराष्ट्र खात्याचे सचिव. मुसलमानी अंमलातील जुलूम वाचले, म्हणजे एतद्देशीयांना इंग्रजी राज्याचे फायदे पटतील, हा हेतू त्यांनी 1849 च्या प्रस्तावनेतच नमूद करून ठेवला होता. निष्कर्ष आधी ठरला, वेचे मागाहून निवडले गेले. शापूरशाह होडीवाला यांनी 1939 मध्ये या खंडांतील चुकांची सविस्तर छाननी प्रसिद्ध केली. ती विस्मृतीत गेली. चुका मात्र सुखेनैव नांदत आहेत.

तवारिखींत जुलूम नाहीत, मंदिरे पाडल्याच्या नोंदी नाहीत, असा याचा अर्थ नाही. त्या आहेत, आणि त्या दडपणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. परंतु दरबारी लेखक धन्याचा पराक्रम फुगवून सांगतो, हे बखरी वाचणाऱ्या मराठी माणसाला निराळे शिकवावे लागते काय? शिवाय फार्सी साधनांत केवळ लढाया नाहीत. ‘ऐने अकबरी’त पिकांवरील साऱ्याचे दर आहेत, धान्याचे भाव आहेत, मजुरी आहे. इर्फान हबीब यांनी मोगलकालीन शेतीव्यवस्थेवरील आपला 1963 चा ग्रंथ फार्सी साधनांच्याच आधारे उभा केला. तेथे राजाच्या धर्माइतकाच रयतेच्या उत्पन्नातून उचलल्या जाणाऱ्या वाट्याचा प्रश्न पुढे येतो. समाजवाद्यांचा प्रश्न याहून वेगळा कोणता?

मग विश्वसनीय संदर्भग्रंथ आहेत कोठे? लायडेनहून निघणारा इस्लामचा विश्वकोश 1913 पासून प्रसिद्ध होऊ लागला. त्याची दुसरी आवृत्ती 2005 मध्ये पुरी झाली आणि 2007 पासून तिसरी निघत आहे. त्याची विद्वत्ता वादातीत आहे. पण तो खाजगी प्रकाशनसंस्थेची मालमत्ता आहे, आणि त्याची किंमत तालुक्याच्या वाचनालयाला झेपणारी नाही. तुर्कस्तानने 1940 पासून त्याच्या आधारे आपल्या भाषेत कोश काढला. पुढे 1988 ते 2013 या काळात 44 खंडांचा स्वतंत्र कोश सिद्ध केला, आणि तो आज विनामूल्य वाचता येतो. तो एका धार्मिक प्रतिष्ठानाचा असल्याने डोळसपणेच वाचावा लागेल. परंतु लोकांच्या भाषेत हे काम होऊ शकते, एवढे त्याने सिद्ध केले आहे. लाहोरच्या पंजाब विद्यापीठाने उर्दूत तेच केले.

केतकरांचा ज्ञानकोश आणि तर्कतीर्थांचा विश्वकोश ज्या भाषेत झाले, सेतुमाधवराव पगडींनी मोगल दरबाराची बातमीपत्रे ज्या भाषेत आणली, त्या मराठीला हे अशक्य का असावे? हमीद दलवाईंनी 1970 मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापून धर्मचिकित्सेची हाक दिली. चिकित्सेला साधने लागतात. ती नसली, की एका बाजूला मौलवीची मक्तेदारी चालते आणि दुसऱ्या बाजूला द्वेषाच्या व्यापाऱ्यांची. बारावीच्या पाठ्यपुस्तकातून 2023 मध्ये जे प्रकरण गेले, ते मोगल दरबार आणि त्यांच्या तवारिखी यांविषयीचे होते. साधन कसे वाचावे हे शिकवणारे पानच फाडले गेले, हा योगायोग समजून स्वस्थ बसणे परवडणारे नाही.

इस्लामच्या इतिहासाचा, प्रत्येक नोंदीखाली मूळ साधन सांगणारा मराठी कोश सार्वजनिक खर्चाने व्हावा आणि तो प्रत्येक वाचनालयात विनामूल्य मिळावा, ही मागणी पक्षाने विधिमंडळात आणि विद्यापीठांत लावून धरली पाहिजे. तोवर प्रत्येक शाखेने एक शिस्त पाळावी: उतारा फेकणाऱ्याला ग्रंथ, खंड आणि पान विचारावे, आणि आपण उतारा दिला तर तेच न विचारता सांगावे.