हरणांचे टाइम-टेबल

सारी उमर रेल्वेच्या कचेरीत गाड्यांच्या वेळा मांडण्यात गेली. पेन्शनीत हरणांचे टाइम-टेबल करावे लागेल असे कोणी म्हटले असते, तर मी त्याला वेड्यात काढले असते!

२०२४ ची दिवाळी आम्ही उभयतांनी अमेरिकेत, पेनसिल्वेनियात मुलीकडे काढली. तिचा शेजारी शिकारी. (आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला आळा बसला, तिकडे परवाना काढून, ठरल्या हंगामात ती राजरोस चालते.) रानातल्या झाडाला त्याने एक कॅमेरा बांधला होता. उबदार अंगाचे जनावर समोरून हलले की तो आपोआप फोटो घेतो, खाली तारीख-वेळ छापतो. शेकडो फोटो माझ्यापुढे टाकून गृहस्थ म्हणाला, "शिंगवाला नर केव्हा येतो, तेवढे काढून द्या. मला सुटी पहिल्याच दिवसाची आहे आणि हिवाळ्याचे मांस त्यावरच!"

आमच्या घरात अंडेही शिजत नाही. ही म्हणाली, "हे पाप तुमच्या वहीत नको." पण कोरा तक्ता दिसला की माझा हात थांबत नाही.

फोटो म्हणजे हरणे नव्हेत, हे लगेच कळले. एकच मादी चरत उभी राहिली तर तिचेच वीस फोटो! म्हणून अर्ध्या तासातले सारे मिळून एक फेरी धरली. मग दिसू लागले: ये-जा मुख्यतः पहाटे नि तिन्हीसांजेला. नर ऑक्टोबरात रात्रीचाच. नोव्हेंबरात माद्यांच्या मागे लागल्यावर मात्र सकाळी सात-वीसला.

वही देणार, तोच आठवले. ३ नोव्हेंबरला तिकडे घड्याळे तासभर मागे घेतली होती. भिंतीवरचे जावयांनी केले. झाडावरचे कोणी केले? म्हणजे नर खरा सहा-वीसलाच जात होता! हंगाम ३० नोव्हेंबरला उघडायचा. त्या दिवशी सूर्य सातनंतर उगवणार आणि गोळी झाडायची मुभा त्याआधी अर्धा तासच.

गप्प बसलो तर हरीण वाचत होते. रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी जाऊन सांगितले. चुकीचे टाइम-टेबल जन्मात कोणाला दिले नव्हते.

शेजारी जागा बदलून, नर दिवसा दडतो त्या झाडीजवळ बसला. पण त्या दिवशी रानभर शिकाऱ्यांची पावले; नर फिरकलाच नाही. संध्याकाळी त्याने एक मादी आणली. मी खिडकी लावून घेतली.

आठवड्याने त्याने नवा फोटो दाखवला. तोच नर, रात्री दोन वाजून दहा मिनिटे. घड्याळ या खेपेला मी स्वतः लावले होते.