चार दिवसांचं क्रिकेट कुणी खेळायचं?

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. दोन लेक्चर बुडवून मी पर्वरीला गोवा क्रिकेट असोसिएशनच्या अकादमीच्या मैदानावर गेले. खरं सांगायचं तर आमचं घर फुटबॉलवालं. रविवारी मिस्सा आटोपली की चर्चच्या मागच्या मैदानावर जो आरडाओरडा चालतो तो सगळा फुटबॉलचा. क्रिकेट आमच्यात आणलं ते माझ्या मावसभावाने. त्यानेच सकाळी फोन केला होता, "ये गो लवकर, इथे काहीतरी भलतंच चाललंय."

काय चाललं होतं ते आता रेकॉर्डबुकात आहे. रणजी करंडकाच्या प्लेट गटात अरुणाचल प्रदेश ८४ धावांत गारद झाला होता आणि गोव्याने २ बाद ७२७ वर डाव घोषित केला. स्नेहल कवठणकर नाबाद ३१४, कश्यप बखले नाबाद ३००. तिसऱ्या विकेटसाठी दोघांची ६०६ धावांची अखंड भागीदारी, रणजीच्या इतिहासातली सर्वांत मोठी. आणि या ६०६ धावा निघाल्या ४४८ चेंडूंत! चार दिवसांचा सामना दोन दिवसांत संपला. आम्ही बसलो होतो त्या बाजूला मोजून वीसेक माणसं असतील. त्यातली निम्मी खेळाडूंची नातेवाईक वाटत होती.

आता पुढचं ऐका. बरोबर नऊ दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, हाच गोवा संघ हैदराबादला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत, म्हणजे देशांतर्गत टी-ट्वेंटीत, मुंबईविरुद्ध उतरला. श्रेयस अय्यरने ५७ चेंडूंत नाबाद १३० ठोकल्या, मुंबईच्या २५० झाल्या. गोव्याने पाठलाग करताना २२४ पर्यंत मजल मारली, तरी हरलोच. दुसऱ्या दिवशी जेद्दाहला आयपीएलचा लिलाव होता. अय्यर २६ कोटी ७५ लाखांना गेला. आमच्या दोन त्रिशतकवीरांपैकी कुणालाच संघ मिळाला नाही.

ही तुलना थोडी अन्यायाची आहे, मला मान्य आहे. अय्यरची किंमत त्या एका खेळीची नव्हती. त्याच वर्षी त्याने कोलकात्याला आयपीएल जिंकून दिलं होतं. आणि अरुणाचलची गोलंदाजी म्हणजे काही मुंबईची नव्हे. तरीसुद्धा ते दहा दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आपल्या मंडळाच्या गप्पांत मध्ये हा विषय निघाला होता, तेव्हा नेहमीचंच झालं. एक पक्ष म्हणाला टी-ट्वेंटीने क्रिकेटची वाट लावली, दुसरा म्हणाला जमाना बदलतोय. कुणीतरी रणजी म्हणजे कादंबरी आणि टी-ट्वेंटी म्हणजे लघुकथा अशी उपमाही दिली. मला ती पटली नाही. लघुकथेने कादंबरीकाराचा पगार पळवला असं मी तरी ऐकलेलं नाही. मराठीत दोघेही सारखेच उपाशी.

वाट लागली म्हणणाऱ्यांना मी पर्वरीचं उदाहरण देईन. आधीचा भागीदारीचा विक्रम २०१६ सालचा, महाराष्ट्राच्या स्वप्नील गुगळे आणि अंकित बावणे यांचा, दिल्लीविरुद्ध नाबाद ५९४. महाराष्ट्राचा तो डाव दीडशेहून जास्त षटकं चालला होता. गोव्याने त्याहून मोठी धावसंख्या शंभर षटकांच्या आत उभारली. गोलंदाजीतला फरक वजा केला तरी काहीतरी उरतंच. आजच्या रणजी फलंदाजाकडे जास्त फटके आहेत, आणि ते त्याला वीस षटकांच्या खेळाने दिलेत. हे मी नुकसान मानत नाही. चार दिवसांच्या सामन्यात रटाळपणा कमी झाला तर प्रेक्षक म्हणून मला आनंदच आहे.

शिवाय टी-ट्वेंटीने दारं उघडली हेही खरं. जसप्रीत बुमराह मुश्ताक अली स्पर्धेत नजरेत भरला आणि २०१३ च्या एप्रिलमध्ये आयपीएल खेळला; त्याचा पहिला रणजी सामना त्यानंतर ऑक्टोबरात झाला. अर्जुन तेंडुलकरचंही तसंच. आधी मुंबईकडून मुश्ताक अली, मग २०२१ चा लिलाव, आणि डिसेंबर २०२२ मध्ये आमच्या पर्वरीला गोव्याकडून रणजी पदार्पणात १२०. पूर्वी क्रम उलटा असे. गोव्याचाच स्वप्नील अस्नोडकर बघा. तो आधी कित्येक मोसम रणजी खेळला, मग २००८ च्या पहिल्या आयपीएलमध्ये राजस्थानकडून सलामीला आला, ३११ धावा केल्या आणि विजेत्या संघात राहिला. तेव्हा रणजी ही पायरी होती. आज ती पायरी गाळूनही वर जाता येतं.

गाळता येते म्हणूनच गाळली जाते, आणि माझी तक्रार इथून सुरू होते. खेळाच्या वेगाबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला पैशाबद्दल आणि तारखांबद्दल बोलायचंय.

हिशोब करू या. २०२१ साली बोर्डाने रणजीचं मानधन ठरवलं ते असं: वीसपर्यंत सामने खेळलेल्याला दिवसाला ४०,००० रुपये, चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला ६०,०००. एलिट गटातल्या संघाचे साखळी सामने सात. प्रत्येक सामना चारही दिवस चालला असं धरलं तर अठ्ठावीस दिवस. म्हणजे नव्या मुलाला ११ लाख २० हजार, मुरलेल्याला १६ लाख ८० हजार. प्लेट गटात सामने पाच, तिथे नव्या मुलाचे होतात ८ लाख. आता आयपीएल. २०२५ च्या मोसमासाठी लिलावातली सर्वांत खालची पायाभूत किंमत होती ३० लाख. त्यावर प्रत्यक्ष खेळलेल्या प्रत्येक सामन्याचे साडेसात लाख वेगळे. थोडक्यात, प्लेट गटात वीस दिवस उन्हात उभं राहायचं आणि एका संध्याकाळी आयपीएल खेळायचं, मोबदला जवळजवळ सारखाच.

आठ लाख काही कमी नाहीत, असं माझी आई म्हणेल. बरोबर आहे. पण ते संघात जागा मिळाली तर. आणि पोरं मूर्ख नसतात, ती हा हिशोब आपल्याआधी करतात.

माझ्या मावसभावाने केलाच. तो डावखुरा फिरकी गोलंदाज. सतराव्या वर्षी त्याचा चेंडू असा तरंगत यायचा की फलंदाज पुढे येऊन फसायचा. मग एका शिबिरात त्याला सांगण्यात आलं, फ्लाइट विसर, सपाट टाक, पायांवर टाक, चार षटकांत तीस द्यायच्या नाहीत. तो शिकला. सपाट टाकायला लागला, धावा रोखायला लागला, आणि विकेट मिळायच्या बंद झाल्या. चौथ्या दिवशी तुटलेल्या खेळपट्टीवर पस्तीस षटकं टाकण्यासाठी लागतो तो धीर चार षटकांत शिकवता येत नाही. त्याची कुणाला गरजही उरली नव्हती. रणजीच्या संघापर्यंत तो कधी पोचलाच नाही. शनिवार-रविवारी शेतात दिवे लावून होणाऱ्या टेनिस बॉलच्या स्पर्धांत मात्र त्याला चांगली मागणी होती.

धीर अजिबात विकला जात नाही असं नाही. विदर्भाच्या हर्ष दुबेने २०२४-२५ च्या रणजीत ६९ बळी घेतले, एका मोसमातला विक्रम, आणि विदर्भाला करंडक मिळाला. त्यानंतर हैदराबादने त्याला आयपीएलमध्ये बदली खेळाडू म्हणून घेतलं. विक्रम करून बदली खेळाडू! करुण नायरही रणजी आणि विजय हजारे स्पर्धेतल्या धावांच्या जोरावर भारतीय संघात परतला. पण इंदूरचा जलज सक्सेना घ्या. रणजीत ६,००० धावा आणि ४०० बळी करणारा तो पहिला खेळाडू. भारताकडून एकही सामना नाही, आयपीएलमध्ये फक्त एक.

तारखांचं म्हणाल तर २०२०-२१ मध्ये कोविडमुळे ८७ वर्षांत प्रथमच रणजी रद्द झाली. त्याच मोसमात मुश्ताक अली झाली, विजय हजारेही झाली. २०२४-२५ पासून एलिट गटाची रणजी दोन तुकड्यांत होते: ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाच फेऱ्या, मग मध्ये दोन्ही छोट्या स्पर्धा, मग जानेवारीत उरलेलं. उत्तरेतलं धुकं हे कारण दिलं जातं आणि ते खोटं नाही. पण ज्या गोलंदाजाला नुकती लय सापडलीय त्याने दोन महिने पांढऱ्या चेंडूने यॉर्कर टाकायचे आणि परत लाल चेंडू हातात घ्यायचा, हे सोपं नाही.

माझी मागणी एवढीच, की रणजीचा पूर्ण साखळी मोसम खेळणाऱ्याची कमाई आयपीएलच्या सर्वांत खालच्या किमतीपेक्षा कमी असू नये. तीस लाख भागिले अठ्ठावीस, दिवसाला एक लाखाच्या थोडं वर. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रसारण हक्क ४८,३९० कोटींना गेले. एवढ्या पैशात हे बसतं. म्हणजे मग एखादा मुलगा फ्लाइट द्यायला शिकला तर तो वेडा ठरणार नाही. गोव्यासारख्या छोट्या राज्याला तर हे जास्तच लागू आहे. २०२४-२५ ची प्लेट जिंकून आम्ही एलिटमध्ये परत आलो, आणि तिथे टिकायचं तर चार दिवस खेळणारी माणसं लागतात.

मावसभावाचं विचाराल तर त्याने सीडीसी काढली आहे, बोटीवर नोकरी बघतोय. मेडिकलच्या दिवशीच त्याच्या क्लबची लीग मॅच आली. कॅप्टनने दोनदा फोन केला, पण तो मेडिकलला गेला. संध्याकाळी मला विचारत होता, "बोटीवर नेट असतं का गो, बोलिंग टाकायला?"

मी म्हटलं, बास्केटबॉलचं असेल.