पाहण्याचे कसले पैसे?

आमच्या गल्लीत एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. गाडी गॅरेजवर न्यायची, मिस्त्रीने बॉनेट उघडून अर्धा तास डोकं घालायचं आणि आपण विचारायचं, ‘‘फक्त पाहिलंच ना? पाहण्याचे कसले पैसे?’’ हे वाक्य मीही अनेकदा म्हटलंय. आज त्याच्याविरुद्ध लिहितोय, कारण त्याची किंमत मी मोजली आहे.

माझी अल्टो २०१० ची. सेकंडहँड घेतली, आता १ लाख ८७ हजार किलोमीटर झालेत. गेल्या वर्षी पंधरा वर्षं पूर्ण झाली, नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं. त्याची फी २०२२ च्या एप्रिलपासून ६०० वरून ५,००० झाली आहे. सहकारी म्हणाले, ‘‘सर, भंगारात द्या.’’ पण घराचा हप्ता चालू आहे, अब्बांना दर महिन्याला धुळ्याला दवाखान्यात न्यावं लागतं. आमच्या शिंदखेड्यातून रेल्वे आहे, पण ती सुरत-भुसावळ मार्गावरची. धुळ्याला रस्त्यानेच जावं लागतं.

मे महिन्यात, भर दुपारी, सोनगीरच्या अलीकडे काटा लाल रेषेवर गेला. शेजारी अब्बा, रोजासारखे कोरडे ओठ, बाहेर खानदेशचं ऊन. गाडी बाभळीखाली लावली. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही एवढं मला ठाऊक होतं. उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. तासभर थांबलो.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवर नेली. त्याने बॉनेट उघडलं, पाच मिनिटांत निकाल दिला : रेडिएटर गेला. बदलला, साडेचार हजार गेले. आठवड्याने गाडी पुन्हा तापली. आता निकाल होता हेड गॅसकेट. म्हणजे इंजिन उघडणं, आणखी सात-आठ हजार.

तेव्हा मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. नववीत नापास होऊन शाळा सोडलेला, आता एका पत्र्याच्या शेडमध्ये काम करणारा. त्याने बॉनेटला हातच लावला नाही. आधी विचारलं, ‘‘सर, गाडी कब गरम होती है? चलते में या खड़े में?’’ मी आठवून सांगितलं, मोकळ्या रस्त्यावर काटा ठीक असतो. हळू चाललो, फाटकावर थांबलो की चढतो. सोनगीरजवळही पुढे काम चालू होतं, रांग लागली होती.

तो हसला. गाडी वेगात असली की समोरच्या वाऱ्यानेच रेडिएटर थंड होतो; उभी असली की सगळी भिस्त पंख्यावर. पंखा फिरतच नव्हता. त्याने बॅटरीवरून दोन वायरी थेट पंख्याला दिल्या, पंखा फिरला. म्हणजे मोटर चांगली. फ्यूज पाहिला, तोही चांगला. मग त्याच डब्यातली तशीच दुसरी रिले काढून पंख्याच्या जागी लावली, इंजिन तापू दिलं, आणि पंखा आपोआप सुरू झाला. बिघाड सापडला. नवी रिले दोनशे रुपयांच्या आत आली.

हेड गॅसकेटचंही त्याने तपासलं : तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा फेस नाही, मागून पांढरी वाफ येत राहत नाही, पाणी कमी होत नाही. तेव्हा इंजिन उघडायचं कारण नाही. मात्र जुना रेडिएटर अगदी निर्दोष नसावा, असंही तो म्हणाला. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, ते वर्षानुवर्षं ओतलं की आत क्षार बसतो. कूलंटच घालायचं. जुना रेडिएटर मी परत मागितलाच नव्हता, त्यामुळे ते कधी कळणार नाही. (बदललेला जुना भाग मागून घ्यावा, ही सवय मला तेव्हापासून लागली.)

मी तीनशे रुपये दिले. त्याने रिलेचे ठेवले, बाकी परत केले. ‘‘देखने के क्या पैसे, सर?’’

इथेच माझी तक्रार आहे, आणि ती पहिल्या गॅरेजवाल्यापेक्षा स्वतःवर जास्त आहे. डॉक्टरने नाडी पाहिली की आपण निमूट फी देतो, औषध लिहून दिलं नाही तरी. उर्दूत निदानाला तशखीस म्हणतात, आणि इलाजाआधी तशखीस हे कुणालाही पटतं. मिस्त्रीच्या बाबतीत मात्र आपण फक्त भाग बदलल्याचे पैसे देतो. मग तो भाग बदलणार नाही तर काय करणार? शोधण्यात दीड तास घालवणारा उपाशी राहतो, अंदाजाने रेडिएटर बदलणारा कमावतो. ही व्यवस्था आपण ग्राहकांनी उभी केली आहे.

जुन्या गाडीत तर हे फार महागात पडतं, कारण तिथे प्रत्येक भाग थोडा थोडा झिजलेलाच असतो. कशावरही बोट ठेवलं तरी खोटं ठरत नाही. सकाळी सुरू करताना क्षणभर निळा धूर आला तर बहुधा व्हॉल्व्हची सीलं, चढावर सतत आला तर रिंगा. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. स्कॅनर कोड दाखवतो, तो कुठल्या भागात गडबड आहे ते सांगतो, कोणती वस्तू फेकायची ते नाही. आणि हो, चेसिस गंजून पोकळ झाली असेल तर माझाही आग्रह नाही. तिथे मायेला अर्थ नाही. विकायची असेल तर ऐब सांगून विकावी, हेही आपल्याला शिकवलेलंच आहे.

त्या मुलाने एकेक शक्यता खोडत नेली, ती रीत मी त्याला वर्गात शिकवू शकलो नाही. आयटीआयच्या मोटर मेकॅनिकला दहावी लागते, म्हणून तो अडलाय. वायरिंगचा नकाशा इंग्रजीत असला की मला फोन करतो. खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म मी त्याला समजावून सांगितला. म्हणाला, उस्तादांना विचारतो. उस्तादांकडे मीच गेलो, ते म्हणाले, परीक्षेच्या दिवसांत सुट्टी देईन, पगार नाही देणार.

पुढच्या रविवारी टायमिंग बेल्ट दाखवायला गाडी त्याच्याकडे नेणार आहे. पाहण्याचे तीनशे वेगळ्या पाकिटात ठेवलेत.