सिस्टीमला ऐकू येत नाही

विजेच्या मोटारीला आवाज नसतो, असं ज्यांनी आम्हाला सांगितलं त्यांनी ती घेतलेली नव्हती. विकायला काढलेली होती. पहिलं वर्षभर ती मांजरीच्या पावलांनी चालली, हे खरं. पण दुसऱ्या पावसाळ्यात, ऐन जुलैत, कर्वे रस्त्यावर तिला कंठ फुटला. खर्रर्र... खर्रर्र... जात्यात भरड दळावी तसा.

"अहो, हे काय वाजतंय?" आमची ही म्हणाली. लग्नाला अठरा वर्षं झाली. दोघांना एकच गोष्ट एकाच वेळी ऐकू येण्याचा हा पहिलाच प्रसंग.

गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. टाय लावलेल्या एका चिरंजीवांनी गाडीला लॅपटॉप जोडला आणि दहा मिनिटं पडद्याकडे पाहिलं. "सर, एरर कोड काही नाही."

"कोड नसेल, पण आवाज आहे ना?"

"सिस्टीममध्ये दिसत नाही, सर."

"दिसणार कसा? आवाज आहे तो!"

गाडी धुऊन, सॉफ्टवेअर अद्ययावत करून परत मिळाली. आवाजही ताजातवाना झाला होता. दुसऱ्या खेपेला उत्तर मिळालं, "इलेक्ट्रिक गाडीत असं थोडं जाणवतंच, सर."

माझा संताप आहे तो या 'जाणवतंच'वर. ते अर्धसत्य आहे, आणि अर्धसत्यावर व्याज फार चढतं. पेट्रोलच्या गाडीत इंजिनच एवढं बोलतं की बाकीच्यांना बोलायला वाव नसतो. इंजिन गेलं आणि चाकांची, ब्रेकची, बेअरिंगची कुरकुर ऐकू येऊ लागली. म्हणजे ज्या गाडीत कानाला खरी किंमत आली, त्याच गाडीच्या दवाखान्यातून कानाला निवृत्त केलं! बरं, लॅपटॉपला कळणार तरी काय? चाकाजवळचा सेन्सर चाक किती वेगानं फिरतंय ते सांगतो. ते फिरताना कण्हतंय का, हे त्याला कोणी विचारलेलंच नाही.

शेवटी आमचे जुने मिस्त्री आठवले. वडिलांच्या चेतकपासूनचे. १९७२ साली आलेल्या त्या स्कूटरनं सबंध पुण्याला इंजिनिअर करून सोडलं होतं. सुरू होईना, की एका अंगावर कलती करा आणि हाणा किक. चेतक २०२० साली विजेची होऊन परत आली, पण आता कलती करून काय सांडणार?

मिस्त्रींनी लॅपटॉप मागितला नाही. "साहेब, तुम्ही चालवा, मी बसतो," म्हणाले. रिकाम्या रस्त्यावर गाडी न्यूट्रलला घेऊन नुसती घरंगळू दिली. खरखर चालूच, आणि वेगाबरोबर कमी-जास्त होणारी. म्हणजे मोटारीवर संशय कमी, चाकावर जास्त. मग डावं-उजवं वळण. बेअरिंग गेलं असतं तर घुमल्यासारखा आवाज आला असता आणि वळताना ज्या बाजूवर भार येतो तिकडचा वाढला असता. तसं काही नाही. हलकेच ब्रेक दाबला, तर आवाजाचा सूर बदलला. "ब्रेकपाशी आहे."

विजेच्या गाडीची गंमत अशी, की पाय उचलला की मोटारच जनित्र होऊन गाडीचा वेग कमी करते आणि ती वीज बॅटरीत जमा करते. जमेची बाजू उत्तम; पण खरे ब्रेक बसून राहतात आणि पावसाळ्यात डिस्कवर गंज धरतो. गंज वरवरचा असेल तर चार वेळा नीट ब्रेक दाबल्यावर खरखर जाते. जात नसेल, तर लायनिंग संपून लोखंडावर लोखंड घासत असण्याचीही शक्यता असते, आणि त्याला 'जाणवतंच' म्हणणं हा गुन्हा आहे. मागच्या सीटवर आमची मुलगी बसते हो!

मिस्त्रींनी गाडी बंद केली, जॅक लावला, खाली स्टँड दिला. नारिंगी जाड वायरींकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यांच्या वाटेला मी जात नाही. ते त्यांचं काम." चाक हातानं फिरवलं. खर्रर्र! डिस्क आणि तिच्या मागचा पत्रा यांच्यामध्ये खडा. हरभऱ्याएवढा. पत्रा जरा मागे सारला, खडा टपकन पडला. मग लायनिंग तपासलं, ते शाबूत. मी तो खडा कागदात बांधून सर्व्हिस सेंटरला दाखवायला निघालो होतो, हिनं अडवलं.

माझी मागणी फार नाही. लॅपटॉप जरूर जोडा. पण त्याआधी गिऱ्हाईकाबरोबर दोन किलोमीटर फिरा, त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत कार्डावर लिहा आणि चाक उचलून हातानं फिरवून बघा. मग खुशाल म्हणा, आवाज नाही.

हे सगळं तावातावानं जुळवत मी दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसलो होतो. एक निवृत्त मास्तर आले. तिसऱ्यांदा. "ठेवीचं व्याज कमी आलंय हो." मी पडद्याकडे पाहून म्हणालो, "काका, सिस्टीममध्ये बरोबर दिसतंय."

आणि एकदम कानात खर्रर्र झालं.

मास्तरांनी कॅलेंडरच्या पाठीवर केलेला हिशेब मी पहिल्यांदाच हातात घेतला. ठेवीचं नूतनीकरण करताना ज्येष्ठ नागरिकाचा जादा दर लावायचा राहिला होता. नूतनीकरण केलं होतं अस्मादिकांनीच.

"बसा काका," मी म्हणालो, "चहा सांगतो."