गप्पांना घाई नको

आमच्या मराठी वर्गासाठी आम्ही चौघांनी मिळून एक छोटी चॅट बनवली. काम सोपं वाटत होतं. एकाने लिहायचं आणि बाकीच्यांना ते लगेच दिसायचं.

पण साध्या वेब पानाची रीत वेगळी असते. ब्राउझर विचारतो, सर्व्हर उत्तर देतो आणि बोलणं संपतं. अशी चॅट चालवायची, तर ब्राउझरला दर दोन सेकंदांनी विचारावं लागतं, "नवीन काही आलं का?" गाडीत बसलेलं लहान मूल "घर आलं का?" म्हणून विचारत राहतं ना, अगदी तसंच! वेबसॉकेटमुळे ही कटकट संपते. त्याचे नियम २०११ साली ठरले. त्यात जोडणी एकदा झाली की चालूच राहते. नवीन निरोप आला, की सर्व्हर तो स्वतःहून पाठवतो.

इथपर्यंत आमचं एकमत होतं. वाद पुढे झाला. कोणी लिहीत असेल, तर "लिहीत आहे..." असं इतरांना दाखवायचं का? दोघं म्हणाले, "दाखवायचंच! नाहीतर समोरचा निघून गेला असं वाटतं." ते करणं अवघडही नाही. कळ दाबली, की सर्व्हरला एक छोटा इशारा पाठवायचा, बस्स.

माझं मत मात्र "नको" असं आहे. मी देवनागरीत हळू टाइप करतो. 'ज्ञ' शोधायलाच मला वेळ लागतो. सगळे माझी वाट बघतायत हे कळलं, की मी गडबडतो आणि इंग्रजीत दोन शब्द लिहून मोकळा होतो. मग मराठीची चॅट कशाला बनवली? समोरचा आहे की गेला, हे कळायला हजर असलेल्यांची यादी पुरेशी आहे.

त्यापेक्षा निरोप जपून ठेवायचं काम आधी करूया. आमच्या ताई पुण्याहून शिकवतात. न्यू जर्सीत दुपारचे ४ वाजतात, तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्या वेळी मी लिहिलेला प्रश्न ताईंना मिळालाच नाही, कारण त्यांची जोडणी बंद होती आणि आमचा सर्व्हर निरोप साठवत नव्हता. डेटाबेसमध्ये ठेवला असता, तर सकाळी त्यांना तो दिसला असता.

सध्या आम्ही दोघं या बाजूला आणि दोघं त्या बाजूला आहोत. तुमचं मत कोणाला?