जुन्नरी कागद आणि बंद झालेली फेलोशिप

पेशवाईतली दफ्तरं ज्या कागदांवर लिहिली गेली, त्यांत जुन्नरी कागदही होता. तो बनवणारे कागजी मुसलमान होते. जुनं गोणपाट कुटायचं, लगदा धुवायचा, साच्यावर ताव उचलायचा, घोटून गुळगुळीत करायचा. आजच्या भाषेत हे मटेरियल सायन्सच. पुढे गिरणीचा कागद आला आणि धंदा बसला. कसब होतं, पाठीशी प्रयोगशाळा नव्हती.

याच तालुक्यात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या चमूने भरीव पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारांची जाळी वापरली. वारा आरपार जातो, वजन घटतं, खर्चही. साहित्य नेमकं निवडलं, म्हणून एवढी मोठी दुर्बीण आपल्या शेतांशेजारी उभी राहिली.

मग जुन्नर-आंबेगावची मुसलमान मुलं अशा संशोधनात का दिसत नाहीत? ‘यांना शिकायचंच नसतं’ हे उत्तर मला मान्य नाही.

मंचरची एक मुलगी माझ्या ओळखीची आहे. एमएस्सी झाली, नेट पास झाली, बॅटरीच्या संशोधनासाठी पीएचडीला प्रवेशही मिळाला. फेलोशिप मिळाली नाही. या विषयात नमुना भट्टीत रात्रभर तापतो, मायक्रोस्कोपची वेळ मिळेल तेव्हा हजर राहावं लागतं. नोकरी सांभाळून हे होत नाही. आज ती अकरावीच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवते.

अशांसाठी २००९ पासून मौलाना आझाद फेलोशिप होती. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ती बंद केल्याचं लोकसभेत सांगितलं. कारण काय, तर ती इतर योजनांशी ‘ओव्हरलॅप’ होते. अहो, एका विद्यार्थ्याला एका वेळी एकच फेलोशिप घेता येते. मग दुहेरी लाभ कसला? जागा तेवढ्या कमी झाल्या. ‘गुणवत्तेवर मिळवा’ म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं, की शेवटच्या वर्षांत या फेलोशिपलाही नेटची अट होती. ती खैरात नव्हती. जेआरएफचे महिना ३७,००० रुपये हा संशोधकाच्या कामाचा मोबदला आहे, उपकार नव्हे.

दोष फक्त सरकारचा आहे का? नाही. लग्नात एका रात्रीत लाखो उडवणारे आपणच. त्यातला चौथा हिस्सा बाजूला काढला असता, तर या मुलीचं पहिलं वर्ष निभावलं असतं. मीही त्या जेवणावळीत बसलो आहे, म्हणून हे स्वतःलाही सांगतो.

पण समाजाच्या वर्गणीवर पाच वर्षांची पीएचडी आणि त्यापुढचं पोस्टडॉक होत नाही. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये ‘मार्टी’ला मंजुरी दिली. चांगलं झालं. आता दरवर्षी ठरलेल्या महिन्यात फेलोशिपची जाहिरात निघाली पाहिजे आणि पैसे दरमहा खात्यात आले पाहिजेत. आमदारांकडे शादीखाना मागायला जाणाऱ्यांनी पुढच्या वेळी हे मागावं.

कागज्यांचं कसब आपण एकदा गमावलं आहे. क्लासमध्ये शिकवणाऱ्या त्या मुलीची जेआरएफची वयोमर्यादा अजून संपलेली नाही. घरच्यांचा धीर मात्र संपत आला आहे.